वरच्या मजल्यांचा होकार

तिला सगळे क्रेन म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला ते चालायचं. तिचा नवरा सायकल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. अंगाने काडी. तो स्वतःच सांगायचा, "आमचं भांडण झालं की ही मला एका काखेत आणि सिलिंडर दुसऱ्या काखेत मारून खाली उतरते. सिलिंडर जपून ठेवते. मला टाकते."

मी तिच्याबरोबर बरीच वर्षं काम केलं. काम सोपं सांगता येतं, करायला सोपं नाही. ज्या म्हाताऱ्या किंवा अधू माणसांना जिना उतरता येत नाही त्यांना सकाळी खुर्चीत बसवून खाली आणायचं, गाडीतून विरंगुळा केंद्रात न्यायचं, संध्याकाळी परत वर पोचवायचं. आमच्या भागातल्या जुन्या इमारतींना लिफ्ट नाही. आम्ही नसलो तर ही माणसं खिडकीतूनच रस्ता बघणार. केंद्रात त्यांना व्यायाम मिळे, डॉक्टर मिळे, गरम जेवण मिळे आणि मुख्य म्हणजे भांडायला माणसं मिळत.

खुर्चीला पुढे दोन आणि मागे दोन दांडे. उतरताना एक जण खाली, एक जण वर. खालच्यावर भार जास्त. वरचा तोल धरतो आणि पायरी सांगतो. पहिल्या दिवशी मी तिला म्हटलं, "बाई, तुम्ही वर या. खाली जड लागतं."

"म्हणूनच खाली उभी आहे," ती म्हणाली.

पुढे मी हा विषय काढला नाही. अंगचोर माणूस दोन पायऱ्यांत कळतो. तो हात लावतो, भार घेत नाही. क्रेन भार घ्यायची, आणि घेतला हे दाखवायची नाही.

आधी ती धान्याच्या गोदामात पोती वाहायची. पोतं आणि माणूस यांत फरक काय, असं एकदा गाडीच्या ड्रायव्हरने चेष्टेने विचारलं. ती म्हणाली, "पोतं घाबरत नाही." म्हणून तिचा एक नेम होता. कुठे नेणार ते आधी सांगायचं, मग विचारायचं, "उचलू?" तोंडाने 'हो' आल्याशिवाय दांड्याला हात नाही. मान हलवलेली चालत नसे. ज्यांना कंपवात असतो त्यांची मान दिवसभर हलते, तो काही होकार नव्हे. कालच विचारलं होतं, हेही चालत नसे. काल काल होतं.

चौथ्या मजल्यावर शिंपीकाका राहायचे. साखरेच्या आजारात एक पाय गेलेला, दुसरा नावाला. बायको वारलेली, मुलगी परगावी. मशीन मोटारीवर चालणारं, त्यामुळे काम सुटलं नव्हतं. केंद्रातले पडदे त्यांनीच शिवले होते. क्रेन रोज विचारायची आणि काका रोज तिची खोडी काढायचे.

"काका, केंद्रात नेतेय. उचलू?"

"नाही म्हटलं तर?"

"तर गाडी जाईल, तुम्ही भिंतीशी गप्पा मारा."

"भिंत निदान ऐकून तरी घेते. हो, उचल."

निवडणुका आल्या. क्रेनच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे तिचे भावजी, वीज मीटरचे आकडे घ्यायच्या नोकरीत होते. दिवसभर जिने चढायचे आणि संध्याकाळी तेच जिने धाकट्या पक्षासाठी परत चढायचे. पक्षांची खरी नावं लांबलचक होती. आमच्याकडे एकाला थोरला आणि दुसऱ्याला धाकटा म्हणत. थोरला म्हणत होता, सरकारचा खर्च फार झाला, कात्री लावणार. धाकटा म्हणत होता, गरिबाच्या सोयीला हात लावू देणार नाही. भावजींना वरच्या मजल्यांवरचे दरवाजे क्रेननेच दाखवले. त्यांनी प्रत्येक दारात सांगितलं, "आम्ही असेपर्यंत ही गाडी बंद होणार नाही. आणि थोरल्यांच्या मांडीला मांडी लावून आम्ही बसणार नाही. माझा शब्द." मतदानाच्या दिवशी आम्ही त्या सगळ्यांना उतरवून मतदान केंद्रावर नेलं, मत देऊन झाल्यावर परत वर चढवलं. मान मोडून काम केलं त्या दिवशी.

निकाल लागला. कुणालाच बहुमत नाही. बरेच दिवस घोळ चालला आणि मग थोरला व धाकटा एकत्र आले. सरकार बनलं. तिजोरीत खडखडाट आहे असं सांगण्यात आलं, आणि कात्री निघाली. विरंगुळा केंद्राचं अनुदान कमी झालं. हुकूम आला की येत्या महिन्यापासून खुर्चीची सेवा फक्त दुसऱ्या मजल्यापर्यंत. त्यावरच्यांनी आपली सोय बघावी.

त्या रविवारी मी क्रेनच्या घरी गेलो होतो. भावजीही आले होते. चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, "मेहुणीबाई, साखर कमी पडली."

"कपात आहे," क्रेन म्हणाली. "तुमच्याच सरकारची."

"आमच्या एकट्याचं आहे का ते? दोघांचं आहे."

"म्हणजे दोघांनाही 'त्याने केलं' म्हणायची सोय."

भावजी चिडले नाहीत. तो माणूस भांडखोर नव्हता. कप खाली ठेवून ते शांतपणे म्हणाले, "बेरीज करून बघ. त्यांची मतं अधिक आमची मतं. निम्म्याहून जास्त लोक होतात. याला कौल नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?"

"तुम्हाला दिलेली मतं कात्री नको म्हणून दिली होती."

"आणि त्यांना दिलेली कात्री हवी म्हणून. मग? काही त्यांचं, काही आमचं. संसार असाच होतो. तुझ्या ताईला विचार."

"ताईने तुम्हाला बघून हो म्हटलं होतं. तुमच्याबरोबर आणखी कोण येणार ते लपवलं नव्हतं तुम्ही." मग म्हणाली, "सांगितलं होतं ते, कामावरच्या नव्या जोडीचं, आठवतं?"

मला आठवत होतं. आदल्या वर्षी कामावर दोन नवे लागले होते. एका म्हाताऱ्यांना त्यांनी न विचारता उचललं. वरच्याला वाटलं खालच्याने विचारलं, खालच्याला वाटलं वरच्याने. म्हाताऱ्यांनी घाबरून खिडकीचा गज धरला. खुर्ची निघाली, हात मागे राहिला. मनगट मोडलं.

"दोघंही खोटं बोलत नव्हते," क्रेन म्हणाली. "दोघांनाही खरंच तसं वाटलं होतं. पण मनगट मोडायचं राहिलं का?"

भावजींनी कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "बरं. घराला आग लागली असेल तर? तेव्हाही दारात उभी राहून 'उचलू का, उचलू का' करत बसशील?"

"नाही. आधी उचलेन."

"मग झालं तर. तिजोरीला आग लागलीय. विचारायला वेळ नव्हता."

कोपऱ्यात चाकाची तार सरळ करत बसलेला तिचा नवरा मान वर न करता म्हणाला, "आग लागली तर वरच्यांना आधी काढतात, भावजी. तुम्ही दुसऱ्या मजल्यावर थांबलात."

आम्ही हसलो. भावजी हसले नाहीत. ते म्हणाले, "आमचे साहेब येत्या शुक्रवारी या भागात आहेत. त्यांना केंद्रात आणतो. जे बोलायचं ते त्यांच्यासमोर बोला." साहेब म्हणजे धाकट्या पक्षाचे निवडून आलेले.

"आणा," क्रेन म्हणाली. "आणि त्यांना सांगून ठेवा, वरच्या मजल्यांवरचे सगळेच्या सगळे तिथे असतील. सगळ्यांचा विरोध आहे."

ते तिने सांगितलं आणि भावजींनी साहेबांपर्यंत पोचवलं.

सोमवारी शिंपीकाकांच्या दारात तिने खुर्ची टेकवली आणि उत्साहाने सगळं सांगितलं. साहेब येणार, सगळे बसणार, काकांनी पुढच्या रांगेत बसायचं, म्हणजे साहेबांना पाय दिसेल.

काका मशीनवर होते. त्यांनी धागा तोडला. "साहेबांना काय सांगितलंस?"

"वरच्या सगळ्यांचा विरोध आहे म्हणून."

"मला विचारलं होतंस?"

क्रेन हसली. तिला वाटलं नेहमीची खोडी. "काका, तुमचा विरोध नसेल असं कसं होईल?"

"मी थोरल्यांना मत दिलं," काका म्हणाले. "दर वेळी त्यांनाच देतो. खर्च कमी करा, हे माझंच म्हणणं आहे. कापड कमी असलं की सदऱ्याचे खिसे जातात. हे मला नाही कळणार तर कुणाला?"

क्रेनने खुर्ची जरा मागे ओढली.

"तू मला उचलतेस. फार चांगलं उचलतेस. पण खुर्ची उचललीस म्हणून माझं तोंडही तुझंच झालं का?" त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. "आज नाही येत. जा."

आम्ही रिकामी खुर्ची खाली आणली. भरली खुर्ची घेऊन क्रेन कधी अडखळली नव्हती. त्या दिवशी रिकामी घेऊन अडखळली. गाडीत ड्रायव्हरने विचारलं, "काका आजारी का?" मीच म्हटलं, नाही. केंद्र दिसायला लागल्यावर ती मला म्हणाली, "त्या नव्या पोरांना मी किती बोलले होते रे."

एवढंच. तिने कपाळ बडवून घेतलं नाही. संध्याकाळी सगळ्यांना पोचवून झाल्यावर ती परत जिने चढायला लागली. मी बरोबर गेलो. दिवसभराच्या कामानंतर पाय लाकडासारखे होतात, पण ती कठड्याला हात न लावता चढत होती. प्रत्येक दारात तिने तेच सांगितलं, "मी तुमच्या वतीने बोलून बसले. विचारायला हवं होतं. आता विचारते. शुक्रवारी यायचं आहे का? आणि तुमचं म्हणणं काय आहे?"

उत्तरं तिला वाटलं होतं तशी एका सुरात आली नाहीत. पाचव्या मजल्यावरच्या टायपिस्टबाई म्हणाल्या, "येणार! आणि साहेबांच्या शेजारी बसणार. त्यांनी प्रचाराच्या पत्रकात दोन ठिकाणी चुका केल्यात." एक आजोबा म्हणाले, "विरोधबिरोध कशाला? साहेबांना काका-मामा करून काम होतं का बघू." एक बाई म्हणाल्या, "माझा मुलगा सरकारी नोकरीत आहे. मला आणू नकोस, पण माझी अडचण सांग." एकाने ऐकूनच घेतलं नाही. म्हणाला, "सगळे चोर," आणि दार लावलं.

शेवटी शिंपीकाका. तिने विचारलं. काका म्हणाले, "विचारलंस. आता मला विचार करू दे."

शुक्रवारी सकाळी आम्ही गेलो तेव्हा काका कोट घालून बसले होते. स्वतः शिवलेला, इस्त्री केलेला. म्हणाले, "साहेबांकडे ने. तुझ्यासाठी नाही जात. मला त्यांना एक विचारायचंय."

साहेब आले. चांगला माणूस वाटला. फटकळ नाही, नाटकी नाही. खुर्च्यांत बसलेल्यांशी बोलता यावं म्हणून त्यांनीही खुर्ची ओढून घेतली. क्रेन उठली आणि आधी स्वतःची दुरुस्ती केली. "मी सगळ्यांचा विरोध आहे असं कळवलं होतं. ते खरं नव्हतं. काहींचा आहे, काहींचा नाही, काही आलेच नाहीत. ज्यांनी मला सांग म्हटलं, त्यांच्यापुरतं सांगते." आणि तिने सांगितलं. कोण किती दिवस घरात अडकेल, कुणाचा व्यायाम थांबला की सांधे धरतात, कोण एकटं आहे. आवाज चढवला नाही.

मग शिंपीकाका बोलले. "साहेब, मी तुमचा मतदार नाही. मी थोरल्यांचा. त्यांनी सांगितलं होतं कापणार, म्हणून दिलं मत. पण कुठे कापणार ते सांगितलं नव्हतं. मला वाटलं मंत्र्यांच्या गाड्या जातील, बंगल्यांवरचे पहारे जातील. तुम्ही सांगितलं होतं कापणारच नाही. आता दोघं मिळून माझा जिना कापताय. भांडत नाही, विचारतो. या जिन्याचा होकार दोघांपैकी कुणी घेतला होता?"

भावजी दाराजवळ उभे होते, जमिनीकडे बघत.

साहेब म्हणाले, "कुणीच नाही, काका." त्यांनी खुर्ची जरा पुढे घेतली. "खरं सांगतो. आम्ही बाहेर राहिलो असतो तर ते दुसऱ्या कुणाला घेऊन बसले असते, आणि हे केंद्रच उठलं असतं. कपातीच्या यादीत होतं. आम्ही आत गेलो म्हणून केंद्र राहिलं, दोन मजले राहिले. लोकांनी आम्हाला पूर्ण सत्ता दिली नाही. अर्धीमुर्धी दिली. तेवढ्यात एवढंच वाचवता आलं. तुम्हाला ते कमी वाटणार, मलाही वाटतं."

"हे मतं मागतानाच सांगायचं होतं," टायपिस्टबाई म्हणाल्या. "अर्धी सत्ता मिळाली तर काय सोडणार आणि काय धरणार."

"सांगितलं असतं तर मतं मिळाली नसती, बाई."

"तेच म्हणते मी."

काकांनी मान डोलावली. साहेबांच्या उत्तरावर की बाईंच्या, ते मला कळलं नाही. ते म्हणाले, "निदान खोटं नाही बोललात. पण जे आज इथे आले नाहीत, त्यांना हे कोण सांगणार? नोटीस चिकटवून?"

साहेबांना पुढच्या सभेला जायचं होतं. हुकूम मागे घेणं त्यांच्या हातात नव्हतं, आणि तसं ते म्हणालेही नाहीत. गाडीत बसताना त्यांनी क्रेनला नमस्कार केला. भावजी त्यांच्या मागे निघाले होते. क्रेनने हाक मारली.

"भावजी, तुम्ही कुठे?"

"साहेबांना पोचवून येतो."

"त्यांचे पाय धड आहेत. तुम्ही माझ्याबरोबर चला. मत मागायला जेवढे जिने चढलात तेवढे आता सांगायला चढा."

"मी काय सांगू? निर्णय माझा आहे का?"

"शब्द तुमचा होता."

संध्याकाळी सगळ्यांना वर पोचवून झाल्यावर भावजी चढले. मीटर बघणारा माणूस, जिन्यांची सवय असलेला, पण त्या दिवशी प्रत्येक वळणावर थांबत होता. दारात उभं राहून सांगायचे, "मी तुम्हाला शब्द दिला होता. तो राहिला नाही. पहिल्या तारखेपासून खुर्ची वर येणार नाही." कुणी शिव्या दिल्या. कुणी पाणी दिलं. ते आजोबा म्हणाले, "बसा हो, असं चालायचंच," आणि त्यावर भावजींचा चेहरा शिव्या खाताना झाला नव्हता तेवढा पडला. ज्याने "सगळे चोर" म्हणून दार लावलं होतं, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पहिला चोर पाहिला जो घरी येऊन सांगतो." भावजींना यावर हसावं की रडावं कळेना.

शिंपीकाकांनी त्यांना आत बसवलं. "म्हणजे माझं आता मलाच बघायचं. ठीक." तळमजल्यावर एक छापखान्यातला कामगार राहायचा, बायको-मुलांसह. खोली ओलसर आणि अंधारी होती, म्हणून ते कुटुंब वर जागा शोधत होतं. काकांनी त्याच्याशी खोलीची अदलाबदल केली. सामान क्रेनने आणि मी हलवलं. मशीन अवजड होतं, पण तक्रार करत नव्हतं. काकांची चौथ्या मजल्यावरची खोली उन्हाने भरलेली असायची. शिंप्याला उजेड लागतो. आता त्यांना भर दुपारी दिवा लावावा लागतो, आणि काळ्या कापडावर काळा धागा असला की काम दारात आणावं लागतं. केंद्राची गाडी त्यांना दारातून घेते. थोरल्यांना पुढच्या वेळी मत देणार का, असं मी विचारलं. म्हणाले, "देईनही. पण आधी कोणासोबत बसणार आणि कुठे कापणार, हे दारात विचारीन. दार आता रस्त्यावरच आहे."

सगळ्यांना अशी अदलाबदल जमत नाही. आजोबांना मुलाने आपल्याकडे नेलं. बाकीचे वरच आहेत. टायपिस्टबाई पाचव्या मजल्यावर आहेत. भावजी त्या दिवशी त्यांच्याकडे पोचले तेव्हा धाप लागून वरच्या पायरीवरच बसले होते. बाईंनी सगळं ऐकून विचारलं, "पुढच्या निवडणुकीत परत येणार ना?"

"यावं लागेल."

"मग तोपर्यंत रिकामे काय बसता? मला बागेत जायचंय."

आता रविवारी भावजी आणि क्रेन त्यांना खाली आणतात. खुर्ची केंद्राने मोडीत काढलेली, क्रेनच्या नवऱ्याने दुरुस्त केलेली. हा काही सेवेला पर्याय नव्हे, आणि क्रेन तसं कुणाला म्हणू देत नाही. सात दिवसांतला एक दिवस तो एकच दिवस असतो. उरलेले दिवस बाई खिडकीत बसतात. भावजींनी पक्षाच्या बैठकीत हा विषय काढला, तेव्हा कुणी म्हणालं, वा, सेवाभाव जागा झाला, याचं छायाचित्र काढा. भावजींनी काढू दिलं नाही.

मी मध्यंतरी जाऊन बघितलं. भावजी वरची बाजू धरतात. भार अजून खांद्यांवर घेतात, कंबर मोकळी ठेवतात, त्यामुळे दुसऱ्या मजल्यापर्यंत हात थरथरायला लागतात. पण हात सोडत नाहीत. क्रेन खालून ओरडते, "भावजी, पायरी सांगा, पायरी! मी काय मागे डोळे लावून आलेय?" बाई खुर्चीत ताठ बसून दोघांनाही दटावतात. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ते टेकतात, घाम पुसतात आणि पुन्हा निघतात.